नदीवर येतो म्हणालो होतो

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जळगावात, एजंटच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत माणूस. दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे पंचवीस वर्षं जनरेटरची कामं केलेली. मी साक्रीकडचा, जळगावच्या एका पाइप कारखान्यात ठिबक आणि पंप बसवायचं शिकलेला, वय बत्तीस. आम्हा दोघांनाही सुदानात एकाच शेतावर कामाला जायचं होतं.

नानांनी मला गाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं, एजंट कुणाच्या ओळखीचा, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात, घरी शेती किती, सगळं विचारलं. मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. एवढ्या चौकशा करणारा माणूस एजंटचाच असणार, आपल्याला चाचपून बघायला बसवलेला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विमानात आमच्या जागा शेजारी आल्या तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

लढाईनं माणूस बदलतो असं मला लोक म्हणतात, मीही मान डोलावतो. पण संशयाची सवय मी इथूनच घेऊन गेलो होतो.

शेत नाईल नदीपासून दीडेक किलोमीटर आत होतं. नजर पोचेल तिथवर लसूणघास. कापायचा, वाळवायचा, गाठी बांधायच्या आणि समुद्रापलीकडच्या गाईंसाठी पाठवायचा. नदीवर पंपघर होतं. तिथून पाणी उचलून सिमेंटच्या खोल पाटानं शेतात यायचं, आणि शेतात चाकांवर फिरणाऱ्या लांबलचक लोखंडी पाइपांतून पिकावर पडायचं. पंपांना वीज आमच्या आवारातल्या जनरेटरची. जनरेटर नाना सांभाळायचे, पंप आणि पाइप मी. पाच महिने बरे गेले. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकत्र स्वयंपाक करायचो. नाना जळगावच्या पूर्वेकडच्या बोलीत बोलायचे, मी अहिराणीत. एकमेकांच्या शब्दांना हसायचो. तरी मी माझा मोबाईल उशीखाली ठेवून झोपत असे.

मग राजधानीत लढाई पेटली. एका सकाळी कंपनीचे साहेब लोक दोन गाड्यांत बसून निघाले. तुमच्यासाठी गाडी पाठवतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या, पण त्यांत बंदूकवाले होते.

त्यांनी सगळ्या मजुरांना आवारात रांगेत उभं केलं. त्यांच्यातला एकजण दुबईत गॅरेजमध्ये राहून हिंदी शिकलेला होता. त्यानं विचारलं, "बिजली कौन चलाता है?"

नानांनी हात वर केला. मग तोच हात माझ्याकडे वळवून म्हणाले, "और पानी ये चलाता है."

मला कुणी विचारलं नव्हतं. मला मान खाली घालून मजुरांत मिसळून जायचं होतं. मजुरांना त्यांनी एका ट्रकमध्ये भरलं आणि ट्रक निघून गेला. आम्ही दोघंच मागे राहिलो. पासपोर्ट गेले, मोबाईल गेले, आणि स्पेअर पार्टच्या गोदामात आमची खोली झाली. माझ्या डोक्यात एकच: या माणसानं मला अडकवलं.

मी तसं बोलूनही दाखवलं. नाना शांतपणे म्हणाले, "हे पाह्य भो, यान्ले वीज पाह्यजे अन् पानी पाह्यजे. तवर आपन जित्ते. तो ट्रक कुठी गेला, तुले माहीत हाये?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही.

त्या शेतावर त्यांनी तळ केला. गाड्या दुरुस्तीला यायच्या, जखमी माणसं यायची, कधी महिनाभर काहीच घडायचं नाही. आम्हाला बांधून ठेवत नसत. पण आवाराला तारेचं कुंपण, फाटकावर चौघं, आणि बाहेर कुठेही कामाला जायचं तर बरोबर एक बंदूकवाला. घरी फोन करू द्या म्हणून मी रोज त्या हिंदी बोलणाऱ्याच्या मागे लागायचो. तो हसून म्हणायचा, "कल." एका दिवशी त्यानं नानांना हाक मारली आणि दहा मिनिटांनी नाना डोळे पुसत परत आले. त्यांना मुलीशी बोलू दिलं होतं.

"अन् मले?" मी विचारलं.

"मी सांगलं त्याले, पोराले बी दे. नाही म्हने."

का नाही म्हणे? त्यांनाच का? मी रात्रंदिवस तेच घोळवत राहिलो.

पळायचा विचार मात्र दोघांनी मिळून केला, हे कबूल करायला हवं. नदीच्या पलीकडच्या काठावर सरकारी सैन्य होतं. तिकडून कधीमधी तोफांचे आवाज यायचे, त्यावरून अंदाज होता. पलीकडे पोचलो की सुटलो. नदीपर्यंत जायला सगळ्यात चांगली वाट म्हणजे कुंपणाखालून थेट आवारात येणारा पाट. माणसाच्या डोक्याएवढा खोल, आत चालणारा बाहेरून दिसत नाही. फक्त त्यात पाणी नको. जनरेटर बंद केला की नदीवरचे पंप थांबणार, वीस-पंचवीस मिनिटांत पाट रिकामा होणार. शुक्रवारी दुपारी फाटकावरचे नमाजाला बसत, मग जेवून झोपत. जनरेटर अधूनमधून बंद पडतच असे, त्यामुळे कुणी धावत येणार नव्हतं.

ठरल्याप्रमाणे नानांनी जनरेटर बंद केला. आम्ही पाटात उतरलो. तळाला गाळ होता, वाकून चालावं लागत होतं, ऊन डोक्यावर. नाना मागे धापा टाकत होते. मी एकदाही वळून पाहिलं नाही. पाट जिथे संपतो तिथे लोखंडी शिडी होती. मी शिडी चढून डोकं वर काढलं, तर समोर पंपघराच्या ओट्यावर तिघं बसलेले. बंदुका मांडीवर. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. जणू आमचीच वाट पाहत होते. त्यांतल्या एकाचे केस ओले होते आणि तो माझ्याकडे बघून हसला.

मला आवारात आणून पंपाच्या रबरी नळीनं मारलं. पाठ, मांड्या, तळपाय. नानांना मारलं नाही. त्यांना सावलीत बसवलं, आणि मी पडल्यापडल्या पाहिलं की हिंदी बोलणाऱ्यानं त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला.

बेत आम्हा दोघांनाच माहीत होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग उरलं कोण?

नानांनी माझ्या पाठीला ग्रीस लावून दिलं, दुसरं काही नव्हतंच तिथे. म्हणाले, "मले काहून मारलं नाही, तेच समजत नाही."

मी म्हणालो, "तुम्हाला समजत नाही, मला समजतं."

नानांचा हात थांबला. मग परत ग्रीस लावू लागले. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतं बोलायचो. मी भाकर वेगळी खाऊ लागलो. नाना कुणाशी बोलतात, किती वेळ बोलतात, परत येताना हातात काय असतं, हे सगळं मी बघून ठेवायचो. एकदा त्यांच्या खिशात साखरेची पुडी सापडली. विचारलं तर म्हणाले, तुझ्यासाठी आणली. मी ती घेतली नाही.

दुसऱ्या वेळी मी एकटा पळालो.

आवारापासून सर्वांत लांबच्या शेतात पाइपाचं एक चाक अडकलं होतं. मी दुरुस्तीला गेलो, बरोबर एक वयस्क, झोपाळू पहारेकरी. मी सील फाटलंय असं दाखवून त्याला गाडी घेऊन गोदामात पाठवलं. तो गेलाही. भला माणूस होता, त्याचं पुढं काय झालं असेल हा विचार मला आता येतो, तेव्हा आला नाही. शेतापलीकडच्या रस्त्याकडेला गाठी भरलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर झाडाखाली होता. मी मागून चढून दोन गाठींच्या फटीत शिरलो. ट्रक निघाला. लसूणघासाचा वास आमच्या गोठ्यातल्यासारखाच होता. त्या वासात मी दीडेक तास पडून होतो आणि मनात साक्रीच्या बाजाराच्या रस्त्यानं घरापर्यंत चालत जात होतो.

नाक्यावर ट्रक थांबला. गाठी तपासायला त्यांनी लांब लोखंडी सळ्या खुपसल्या. दुसरी सळई माझ्या मांडीत गेली.

दोन दिवस नाक्यावर ठेवून तिसऱ्या दिवशी त्यांनी मला परत आवारात आणलं. या वेळी मारलं नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. गोदामात नाना भिंतीला टेकून बसले होते. उजव्या हाताला मोठं बँडेज होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू गेला, म्हनून," ते म्हणाले. "दोन बोटं मोडली."

मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. मी समोरच्या भिंतीशी बसलो आणि बँडेजकडे बघत राहिलो. पांढरं, स्वच्छ. रक्ताचा डाग नाही. यांच्याकडे एवढं चांगलं बँडेज कुठून आलं? माझा विश्वास परत मिळावा म्हणून हे नाटक तर नाही? पुढचा बेत काढून घ्यायचा असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना झोपले होते. हात बाजूला पडलेला. मी सरकत त्यांच्याजवळ गेलो आणि बँडेजवरून ती बोटं दाबली.

नाना असे ओरडले की बाहेरचा पहारेकरी आत आला. तो गेल्यावर ते बराच वेळ हात छातीशी धरून डोलत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाह्यलं? झालं समाधान?"

मी आजवर केलेल्या गोष्टींत त्याहून वाईट गोष्ट मला आठवत नाही. आणि तरीही, हे लिहायला जड जातं, माझं समाधान झालं नव्हतं. बोटं खरंच मोडली होती. पण ती मोडल्यावर हा माणूस त्यांचा झाला नसेल कशावरून?

त्यानंतर महिन्याभरानं नानांनीच गोष्ट काढली. जनरेटर चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहून, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. एक कोळी आठवड्यातून दोनदा तळावर मासे घेऊन यायचा. नानांनी त्याच्या नावेच्या इंजिनाचा पंखा एका हातानं नीट करून दिला होता. तो खाणाखुणांनी म्हणाला होता, बाजाराच्या दिवशी दुपारी मी पंपघराच्या खालच्या वळणावर थांबतो, दोघांना पलीकडे सोडतो. बाजाराच्या दिवशी पंपघरावरचे लोक बाजारात जातात.

"त्यानं तुमच्यावर विश्वास कसा ठेवला?" मी विचारलं.

"आपल्यावरबी कोनीतरी ठेवू शकते ना भो."

"तुम्ही जा, मी मागून येतो," मी म्हणालो.

"आवारातल्या उंच टाकीचं काम सांगून मी तुले बाहेर काढतो. तू टाकीवरून उतरजो अन् सरळ तठी येजो. मी आधी पाटाच्या आडून जातो. येसीन ना?"

"येतो नदीवर," मी म्हणालो.

मी जाणार नव्हतो. मी ठरवलं होतं की टाकीवर चढायचं आणि पाहायचं. टाकीवरून नदी, पंपघर, पाट आणि फाटक, सगळं दिसायचं. मी नदीवर जाणार आहे हे फक्त नानांना माहीत होतं. बंदूकवाले नदीच्या दिशेनं निघाले तर नाना त्यांचे. नाही निघाले तर नाहीत. त्या वेळी मला माझी ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

बाजाराचा दिवस आला. नानांनी टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून तक्रार केली, मला पाना देऊन वर पाठवलं. मी वर पोचून खाली पाहिलं. नाना कुठे दिसत नव्हते. फाटकावरचे चौघं पत्ते खेळत होते. पाऊण तास मी त्या तापलेल्या पत्र्यावर उकिडवा बसून नदीकडे बघत राहिलो. कुणी उठलं नाही. एकही गाडी तिकडे गेली नाही. पंपघराच्या ओट्यावर कुणी नव्हतं.

म्हणजे नाना त्यांचे नव्हते.

मला हे कळलं तो क्षण मला नीट आठवतो. आनंद झाला नाही. तेवढ्यात उत्तरेकडे, शेताच्या दुसऱ्या टोकाला, दोन मोठे स्फोट झाले. विमान की ड्रोन, दिसलं नाही. फाटकावरचे चौघं पत्ते टाकून गाडीत बसून तिकडे सुटले. फाटक उघडं राहिलं.

मी शिडी उतरलो. उजवीकडे पाट, म्हणजे नदी, दीड किलोमीटर. डावीकडे उघडं फाटक आणि रस्ता. नाना नदीवर माझी वाट पाहत होते हे मला त्या घटकेला पक्कं माहीत होतं. मी नदीकडे पाहिलं आणि फाटकातून बाहेर पडलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाजारातून परतणाऱ्या काही बायका गाढवाच्या गाडीतून चालल्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, पोत्यांच्या मागे बसू दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या नावेनं पलीकडे जाऊन मी सरकारी सैन्याच्या चौकीवर पोचलो. त्यांनी माझा शर्ट काढून उजवा खांदा तपासला, बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्यावर वळ असतो म्हणून. हाताला बारुदाचा वास येतो का बघितलं. चार दिवस त्यांनाही मी हेर वाटत होतो. मग बंदराच्या शहरात आपल्या वकिलातीच्या लोकांच्या हवाली केलं.

तिथून एका माणसाच्या फोनवरून घरी लावला. बायकोनं उचलला. मी नाव सांगितलं.

"बोल ना," मी म्हणालो.

ती म्हणाली, "याआधीबी दोन जणस्ना फोन उनथात. तुम्ही कोन शेतस?"

"मी शे. मीच."

"मंग सांगा, आपला घरमा घट्टी कथी शे?"

"मांगला दारजोडे," मी म्हणालो. आमचं जातं मागच्या दाराशीच असतं. "दांडा तुटेल शे."

मग ती रडायला लागली. तिला दोष देणार नाही मी. आठ महिन्यांत तिला कुणीकुणी फोन करून काय काय सांगितलं होतं ते नंतर कळलं.

दिल्लीत अधिकाऱ्यांनी दोन दिवस विचारपूस केली. दोघंही का पळाले नाहीत, एकच का पळाला, हा प्रश्न तीनदा आला. मी सांगितलं, गडबडीत चुकामूक झाली. ते टिपून घेत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. गावी आलो तेव्हा ढोल वाजला, हार पडले, आणि आठवड्याभरात पारावर बोलणं सुरू झालं. खरंच बंदिवान होता का? का कुठे दुसरीकडे पडून राहिला आणि आता गोष्टी सांगतो? माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. मी आलो की गप्प व्हायचे, एवढंच.

महिन्यानं एका बाजाराच्या दिवशी घरासमोर रिक्षा थांबली. पंचविशीची एक बाई उतरली. नानांची मुलगी. ती जळगावला असते. एकटी एवढ्या लांब आली होती, धुळ्याला बस बदलून. पाणी प्यायली नाही. ग्लास हातात धरून बसली.

"बाबांना तुम्ही शेवटचं कुठं पाहिलं?"

"नदीवर," मी म्हणालो.

"म्हणजे नदीवर तुम्ही दोघं बरोबर होते?"

"हो. गोळीबार सुरू झाला. पळापळ झाली. मागे वळून पाहिलं तर नाना नव्हते."

"त्यांनी काय घातलं होतं?"

मला आठवेना. नदीवर मी नानांना पाहिलंच नव्हतं ना, टाकीवर चढायच्या आधी पाहिलं होतं तेवढंच. "निळा शर्ट," मी म्हणालो.

"त्यांच्या हाताला काय झालं होतं? फोनवर एकदा म्हणाले, थोडं लागलंय."

म्हणजे नानांना दुसऱ्यांदा फोन करू दिला होता. आणि ते मला बोलले नव्हते. एवढ्या अवघड वेळीसुद्धा माझं मन तिथेच जाऊन अडकलं.

"मशीनमध्ये बोट सापडलं," मी म्हणालो.

तिनं ग्लास खाली ठेवला. मी नानांकडे आठ महिने ज्या नजरेनं बघत होतो, त्याच नजरेनं ती माझ्याकडे बघत होती. उठताना म्हणाली, "तुम्ही काहीतरी सांगत नाही आहात. मला कळतंय. पण आत्ता मला तुमच्याशी भांडून उपयोग नाही."

ती गेल्यावर बायकोनं आतून विचारलं, "खरं सांगं का तुम्ही तिले?" मी तिचा भरलेला ग्लास उचलून मोरीत रिकामा केला.

त्यानंतर चार महिन्यांनी नाना सुटले. लढाईची रेघ सरकली, बंदूकवाले शेत सोडून गेले, सैन्यानं तिथे कोंडलेली माणसं बाहेर काढली, त्यांत नाना होते. मला बातमी पेपरात कळली. दोन आठवडे मी घरातल्या घरात फिरत होतो. मग एका सकाळी उठून जळगावची बस धरली.

मुलीनं दार उघडलं. मला बघून बाजूला झाली, या म्हणाली नाही. नाना पलंगावर बसले होते. अर्धे झाले होते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळली होती.

"ये भो," ते म्हणाले. "बस."

मी खुर्चीच्या टोकावर बसलो. घरून बोलायचं जे ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. म्हणालो, "नाना, मी नदीवर आलोच नव्हतो. यायचं ठरवलंच नव्हतं. टाकीवर बसून बघत होतो, तुम्ही त्यांना सांगता का."

मुलगी दारात उभी होती. तिनं हे ऐकलं.

नानांनी वाकडा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मीबी तुले एक सांगतो. आपलं ठरलं होतं दोन वाजता. मी एक वाजताच तठी जाऊन बसलो. म्हटलं, नाव आली तर बसून घेतो. तू मागल्या वक्ती मले सोडून गेला होता. या वक्ती मी तुले सोडून जातो, असंच ठरवेल होतं मी."

"मग?"

"नाव आलीच नाही. त्या कोळ्याचं काय झालं, देव जाने. अंधार व्हायच्या आत त्यान्ले सापडलो."

आम्ही दोघंही खाली बघत होतो. मी विचारलं, "पहिल्या वेळी त्यांना कळलं कसं, नाना? शुक्रवारी?"

"मी लय विचार केला त्याच्यावर. पंपघरावर ते तिघं काय करत होते, तू पाह्यलं होतं का?"

"बसले होते."

"आंघोळ करत होते. पाटाच्या तोंडाशी पानी पडते ना धबाधबा, त्याच्याखाली. मी जनरेटर बंद केला, पानी थांबलं. ते उठून बसले अन् पानी कवा येते म्हनून पाटाकडे पाहू लागले. एवढंच."

मला तो ओल्या केसांचा माणूस दिसला. पंप बसवणं माझा धंदा. पंप थांबला की पाटाच्या तोंडाशी पाणी थांबणार, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आठ महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात दुसरंच बसलं होतं.

"अन् चहा?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

नानांनी मान वर केली. "अजून तुले चहा आठवते?"

"आठवतो."

"त्यान्ले वीज पाह्यजे होती. माझ्या हाताले लागलं असतं तर जनरेटर कोनं चालवला असता? दुसऱ्या वक्ती लय चिडले तवा हातच मोडला. तवर तुलेबी जनरेटर समजू लागला होता. मीच शिकवेल होता."

खरं होतं. त्यांनीच शिकवलं होतं, न बोलता, फक्त हातानं दाखवून. हा खुलासा सरळ आहे, पटणारा आहे. मला तो पटतो. दहातल्या नऊ दिवशी पटतो.

नानांनी जेवायचा आग्रह केला. मुलगी स्वयंपाकघरात भरीत करत होती, भाजलेल्या वांग्याचा वास घरभर होता. मी उठलो. ती माझ्यामागे दारापर्यंत आली. जिना उतरायच्या आधी म्हणाली, "तुम्ही माझ्याशी खोटं बोलले. मी चार महिने नदीत शोधा म्हणून अर्ज करत होते. त्या वळणापासून खाली, गावोगाव. प्रेत सापडलं का म्हणून."

"हो," मी म्हणालो. "चुकलो."

"बाबा म्हणतात सोडून दे. मी नाही सोडणार."

मी मान हलवली. तिचं बरोबर होतं.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक माणूस येऊन बसला आणि गाडी सुटायच्या आधीच विचारू लागला, कुठले, काय करता, जळगावला कुणाकडे आला होतात. मी पाण्याची बाटली पिशवीत सरकवली. मग म्हणालो, साक्रीकडचा, मोटारी दुरुस्त करतो, एका ओळखीच्या माणसाकडे आलो होतो.

बायकोचा फोन आला. "काय म्हनेत नाना?"

"जेवी जा म्हनेत."

"मंग जेवनात?"

"नाही," मी म्हणालो. "पुढल्या वेळी."